लॅमिंग्टन रोडला पार्ट आणायला पळण्याआधी

दुरुस्तीच्या कामाला नव्याने लागलेल्यांची पावसाळ्यात एक चूक हमखास होते. 'नो डिस्प्ले'चा, म्हणजे चालू होऊनही पडद्यावर चित्र न येणारा, पीसी टेबलावर आला, की ग्रँट रोडला उतरून ते थेट लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून नवी रॅम आणतात. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो आणि संपर्क तुटतो. जुनी रॅम बहुतेक वेळा धडधाकट असते.

आधी वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलासुरला चार्ज निघून जातो. पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता एकच रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघा.

तरीही चित्र आलं नाही तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तपासा. पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. हे माप मशीन चालू असताना, लोडवरच घ्या. नुसतीच हिरवी-काळी वायर जोडून एसएमपीएस सुरू केला तर मरायला टेकलेलाही चांगलं रीडिंग देतो, आणि नवखे तिथेच फसतात. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे बोर्डापेक्षा डेटा महाग असतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की अनेक लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. कधीकधी बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट किंवा रीसेट केल्यावरही मागतं. ती नसेल तर डेटा परत मिळत नाही, कितीही मोठ्या कारागिराकडे न्या. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून ठेवायला सांगा. मशीन सुरू होत असेल तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू नका, उरलेला डेटाही जाईल.

पासवर्ड जॉब शीटवर लिहून घ्यायची पद्धत सर्रास दिसते, ती सोडा. ती शीट दिवसभर काउंटरवर सगळ्यांच्या नजरेसमोर पडलेली असते, आणि पुष्कळांचा तोच पासवर्ड बँकेलाही असतो. मशीन परत देताना गिऱ्हाइकालाच समोर बसवून टाईप करू द्या.