केमो सुरू असताना मुलांच्या कॉलेज प्रवेशाचं वर्ष कसं निभवावं

आईला किंवा बाबांना कॅन्सरचं निदान होतं आणि मूल शाळेच्या शेवटच्या वर्षात असतं. एकीकडे डोसच्या तारखा, दुसरीकडे परीक्षा, फॉर्म आणि मुलाखती. यातलं फारसं काही पुढे ढकलता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांभाळायला गेलं की माणूस लवकर थकतो, म्हणून सुरुवातीपासून त्यांचा एकत्रच विचार करा.

1. एकच कॅलेंडर ठेवा. केमो चक्रांमध्ये दिली जाते, म्हणजे डोस आणि मग सावरायला मधले दिवस, आणि अनेकदा एक चक्र 21 दिवसांचं असतं. पहिल्या दोन चक्रांत रोज रात्री दोन ओळी लिहा: थकवा 0 ते 10 पैकी किती, मळमळ, झोप, तोंडाची अवस्था. त्यावरून आपले वाईट दिवस कोणते आणि बरे कोणते हे बऱ्यापैकी कळतं. मळमळ बऱ्याचदा डोसनंतरच्या पहिल्या 24 तासांत होते, पण काही औषधांमुळे ती पुढचे तीन-चार दिवसही रेंगाळते. संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान सर्वांत कमी होतात. पुढच्या डोसच्या आधीचे काही दिवस बहुतेकांना त्यातल्या त्यात बरे जातात. कॉलेज बघायला जाणं, विषयनिवडीची लांबलचक चर्चा, खर्चाचा हिशेब हे सगळं त्या दिवसांत ठेवा. फॉर्मची शेवटची तारीख वाईट दिवसांत येत असेल, तर तुमच्या सह्या आणि कागदपत्रं आधीच्या चक्रातच उरकून टाका.

रेडिएशनचं गणित वेगळं आहे. त्यात थकवा आठवड्यागणिक साठत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकतो. त्यामुळे ‘शेवटची फेरी झाली की मी मोकळी’ असा शब्द मुलांना देऊ नका.

2. खरं सांगा, पण एका बैठकीत सगळं नको. या वयाची मुलं गोळ्यांची नावं बघून स्वतःच शोध घेतात आणि नको ते वाचून बसतात. आजाराचं नाव, उपचार कोणते, पुढच्या दोन आठवड्यांत काय दिसेल, एवढं आधी सांगा. केस जाणार असतील तर ते पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, हेही आधीच कानावर घाला. ‘तू बरी होशील ना?’ या प्रश्नाला खोटी खात्री देऊ नका. ‘डॉक्टरांनी एवढं सांगितलंय, पुढचं कळलं की तुला लगेच सांगेन’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि मुलांना ते पेलतं.

3. त्रास अंगावर काढू नका. उलटीविरोधी गोळी मळमळ वाढल्यावर घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळी, आधीच घेतली तर जास्त उपयोगी पडते. ओन्डान्सेट्रॉन या उलटीविरोधी औषधाने बद्धकोष्ठता होऊ शकते, तसं झालं तर डॉक्टरांना कळवा. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश वापरा आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. थकवा निव्वळ झोपून जात नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडं चाला, त्याने खरंच फरक पडतो.

ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर सकाळची वाट बघू नका. तापाची गोळी घेऊन तो दाबूही नका. आधी रुग्णालयाला फोन करा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. हा आकडा आणि तो फोन नंबर मुलांनाही माहीत असू द्या.

विसरभोळेपणा आणि लक्ष न लागणं हेही उपचारांमुळे होतं. म्हणून कॉलेजचा कोणताही फॉर्म एकट्याने भरून पाठवू नका, दुसऱ्याची नजर फिरलीच पाहिजे.

4. चिडचिडीचं कारण बोलून दाखवा. केमोसोबत बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जातं. त्याने झोप उडते, पारा चढतो आणि ते थांबलं की एकदम गळून जायला होतं. मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. ‘हे दोन दिवस औषधाचे आहेत, मार्कांचा विषय परवा’ असं स्पष्ट सांगा. झोप फारच बिघडत असेल तर ही गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

5. मदत घ्या, पण मुलांना परिचारिका बनवू नका. स्वतःचे कपडे धुणं, लहान भावंडाचा अभ्यास बघणं, थर्मामीटर लावणं इतपत ठीक. रात्रीची जागरणं, उलटी साफ करणं, पैशांची चिंता ऐकणं ही मोठ्यांची कामं. डोसनंतर साधारण 48 तास शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवांमध्ये औषधाचा अंश असतो, त्यामुळे सफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत. नातेवाईक ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमका वार आणि नेमकं काम द्या.

6. ‘मी लांबच्या कॉलेजला जाऊ की नको?’ मला हा सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो, आणि कित्येक मुलं तो तोंडाने विचारतच नाहीत; गुपचूप जवळच्या कॉलेजचाच फॉर्म भरून मोकळी होतात. म्हणून विषय तुम्हीच काढा. मूल गेल्यावर तुमची काळजी कोण घेणार, हे नावांनिशी सांगा. नुसतं ‘माझी काळजी करू नकोस’ म्हणून त्याची काळजी मिटत नाही. त्याला मनापासून थांबायचं असेल तर तेही मान्य करा, आणि प्रवेश वर्षभर राखून ठेवता येतो का, याची कॉलेजकडे चौकशी करा. निघायचं ठरलं तर एक करार करा: वाईट बातमी लपवली जाणार नाही, आणि ती कोण, कशी कळवणार हे आधीच ठरलेलं असेल.

या काळात मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प-गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तुटले असतील तर समुपदेशकाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर त्याच दिवशी मदत घ्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

7. निघायच्या दिवसाची तयारी. हॉस्टेलला सोडायची तारीख कळताच ती डॉक्टरांना सांगा. कधी डोस थोडा पुढेमागे करता येतो, कधी नाही. हा निर्णय त्यांचाच, स्वतःहून डोस चुकवू नका. जमलं नाही तर मावशी किंवा काका सोबत जातील. तुम्ही बऱ्या दिवसांत, पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट बघून आणि डॉक्टरांना विचारून, एखाद्या शनिवारी भेटायला जा, आणि तो शनिवार मूल निघण्याआधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.