सीपी सॉल्व्हरमध्ये दशांश व्हेरिएबल कसा डिक्लेअर करायचा

सीपी म्हणजे कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग, अटी देऊन सॉल्व्हरकडून उत्तर शोधून घ्यायचं. गूगलच्या ऑर-टूल्स लायब्ररीतल्या सीपी-सॅट सॉल्व्हरमध्ये फ्लोट, म्हणजे दशांश व्हेरिएबल शोधत बसू नका, तो नाहीच. तिथे व्हेरिएबल एकतर पूर्णांक नाहीतर बूलियन, त्यामुळे ० ते १२.५ लिटर पाणी असलं काही हवं असेल तर स्केलिंग करावं लागतं, म्हणजे आकडे १० किंवा १०० अशा ठरावीक आकड्याने, म्हणजे स्केलने, गुणून पूर्णांक करायचे.

आधी ठरवा की दशांशानंतर किती अंक खरंच लागणार आहेत. दोन पुरत असतील तर स्केल १०० घ्या, उगाच दहा लाख घेऊ नका, डोमेन, म्हणजे शक्य किमतींची यादी, फुगतं आणि सॉल्व्हर रेंगाळू शकतो. मग ० ते १२५० असा साधा पूर्णांक व्हेरिएबल डिक्लेअर करा आणि नावातच स्केल टाका, म्हणजे पाणी_१०० वगैरे, दिसायला बरं नाही पण नंतर वाचताना गोंधळ होत नाही.

आता कन्स्ट्रेंट, म्हणजे अट. पाणी अधिक रंग बरोबर ७.२५ असेल तर उजवीकडे ७२५ लिहायचं, बहुतेक लोक इथेच गंडतात, व्हेरिएबल स्केल करतात आणि आकडा तसाच ठेवतात. आकडा बदलताना राउंड वापरा, नुसतं इंट नको, कारण पायथनमध्ये ०.२९ गुणिले १०० केलं की २८.९९९९ असं काहीतरी येतं आणि इंट त्याचे सरळ २८ करून टाकतो, एरर वगैरे काही येत नाही, उत्तर मात्र चुकतं.

गुणाकार असेल तर अजून जपून. १०० च्या स्केलचे दोन व्हेरिएबल गुणले की उत्तराचा स्केल १०,००० होतो, तेव्हा समोरची बाजूपण १०,००० च्या स्केलवर आणा, आणि आकडे ६४ बिटांत मावतायत ना तेही बघा.

मिनिझिंक या मॉडेल लिहायच्या भाषेत काम सोपं आहे. व्हार लिहून रेंज ०.०..१२.५ अशी द्यायची. दोन्ही टोकं पूर्ण असली तरी पॉइंट लिहाच, कारण ०..१२ लिहिलंत तर तो गपचूप पूर्णांक होतो. मग सॉल्व्हर निवडताना गेकोड किंवा कॉइन-बीसी घ्या, चफ्ड घेतलात तर फ्लोट चालणार नाही.

चोको या जावामधल्या सॉल्व्हरमध्ये रिअल (दशांश) व्हेरिएबल मिळतो, त्याला नाव, दोन्ही मर्यादा आणि प्रिसिजन (किती अचूक हवं ते) द्यावं लागतं, पण तिथलं उत्तर म्हणजे एक बारीक रेंज असते, नेमका आकडा नाही.

आणि मॉडेलमध्ये सगळंच दशांश आणि लिनियर (व्हेरिएबलचा एकमेकांशी गुणाकार नसलेलं) असेल तर सरळ एमआयपी, म्हणजे मिक्स्ड इंटिजर प्रोग्रॅमिंग सॉल्व्हर वापरा ना, एवढा खटाटोप कशाला. स्केलिंगच करणार असाल तर १०० ने भागायचं काम फक्त शेवटी, उत्तर प्रिंट करताना करा.