सनरूफ गळतंय? सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा, आधी नळ्या तपासा

पहिल्या मोठ्या सरीत केबिनच्या दिव्यातून थेंब पडला की पुष्कळ जण थेट सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि सनरूफच्या काचेभोवती रेघ मारून मोकळे होतात. पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत येतंच. शिवाय काच चिकटलेली असल्याने मोटरवर ताण येतो आणि नंतर काच काढायची वेळ आली की रंगासकट रबर सोलून निघतं.

मुळात सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. ते लोंढा अडवतं. त्याच्या कडेने झिरपणारं पाणी काचेभोवतीच्या चौकटीतल्या पन्हळीत पडतं, कौलांचं पाणी वळचणीच्या पन्हळीत पडतं तसंच. पन्हळीच्या कोपऱ्यांना करंगळीपेक्षा बारीक नळ्या जोडलेल्या असतात, बहुतेक गाड्यांत चार. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेशेजारच्या खांबातून, म्हणजे ए-पिलरमधून खाली जाऊन पुढच्या दाराच्या बिजागरीच्या आसपास किंवा मडगार्डच्या आत सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबातून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत सुटतात. या नळ्या मोकळ्या असतील तर रबर थोडं जुनं झालं तरी आत थेंब येत नाही. त्या तुंबल्या की नवं कोरं रबरही उपयोगाचं नाही.

आपल्याकडे त्या तुंबतात त्या झाडाखालच्या पार्किंगमुळे. मोठं पान अडचणीचं नसतं, ते काचेवरून घसरून जातं. त्रास देतात गुलमोहर आणि चिंचेची बारीक पानं. काच उघडली की ती पन्हळीत पडतात, मार्च ते मे महिन्यांतल्या धुळीत मिसळतात आणि जूनच्या पहिल्या पाण्यात त्यांचा लगदा होऊन नळीच्या तोंडाशी बसतो. म्हणून हे काम मे संपण्याआधी करायचं.

आधी पाणी कुठून येतंय ते ओळखा

केबिनचा दिवा, सनव्हायजरची मुळं किंवा ए-पिलरचं झाकण ओलं असेल तर पुढच्या नळ्यांवर संशय घ्या. मागच्या सीटच्या डोक्यावरचं अस्तर किंवा डिकीतली स्टेपनीची जागा ओली असेल तर मागच्या नळ्यांवर. उतारावर नाक खाली करून गाडी लावली की सगळं पाणी पुढच्या दोन नळ्यांवर येतं, त्यामुळे घरी कोरडी राहणारी गाडी घाटातल्या हॉटेलपुढे गळू शकते.

फक्त डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल आणि वरचं अस्तर कोरडं असेल, तर थांबा. एसी चालवल्यावरच ओल वाढते का, ते बघा. तसं असेल तर एसीच्या कुलिंग कॉइलचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते आणि सनरूफचा काही संबंध नसतो. पाऊस पडल्यावरच ओल येत असेल आणि छत कोरडं असेल, तर वायपरखालच्या जाळीतली पानं आणि दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा तपासा. दाराचा स्पीकर बदलताना हा पडदा फाटला आणि नीट चिकटवला गेला नाही तर पाणी दाराच्या पॅडमधून थेट आत उतरतं.

आता नळ्यांची चाचणी. गाडी सपाट जागेवर उभी करा, सनरूफ पूर्ण उघडा आणि पन्हळीतला कचरा ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने काढून घ्या. कचरा भोकाकडे ढकलू नका, वर उचला. मग चपट्या तोंडाच्या बाटलीने एकेका कोपऱ्यात साधारण 200 मिली पाणी सावकाश सोडा आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. काही सेकंदांत खाली सलग धार लागली तर नळी ठीक आहे. थेंब थेंब आलं तर ती अर्धी तुंबलेली आहे. खाली काहीच न येता पन्हळीत पाणी चढायला लागलं तर लगेच थांबा आणि ते पाणी स्पंजने टिपून घ्या. आणखी एक शक्यता असते आणि ती सर्वांत वाईट: पन्हळीतलं पाणी पटकन जातं, पण गाडीखाली काहीच दिसत नाही. अशा वेळी नळी आतल्या आत तोटीवरून, म्हणजे पन्हळीच्या ज्या तोंडावर ती चढवलेली असते तिथून, निसटलेली असते. मग रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर, खाली घेतल्याशिवाय इलाज नाही.

नळी मोकळी करणं

यासाठी सर्वांत चांगलं हत्यार म्हणजे गवत कापायच्या यंत्राची 2 ते 2.4 मिमी जाडीची गोल नायलॉन दोरी, साधारण 2 मीटर. तिचं टोक लायटरने जरा वितळवून, गार झाल्यावर बोटाला गोल लागेल असं करून घ्या. वरच्या भोकातून ती फिरवत फिरवत सारा. अडली तर जोर लावू नका. थोडी मागे घ्या, फिरवा, पुन्हा सारा. खांबात नळीला वळण असतं, तिथे ती अडल्यासारखी वाटतेच.

तार वापरू नका. तारेच्या टोकाने नळीला भोक पडतं आणि ते भोक खांबाच्या आत असल्यामुळे कधी दिसत नाही. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवाही वरून मारू नका. तुंबलेल्या नळीत दाब गेला की लगदा जागेवर राहतो आणि नळीच तोटीवरून उडते. हवा मारायचीच असेल तर सायकलचा पंप पुरतो, आणि तीही खालच्या टोकाकडून वर मारावी, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो.

खालच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत रबराची चिमटीसारखी जीभ असते. पाणी जाऊ द्यायचं, पण चाकाचा चिखल, धूळ आणि किडे आत येऊ द्यायचे नाहीत, हे तिचं काम. पुष्कळदा नळी साफ असते आणि चिखल नेमका या जिभेत वाळलेला असतो. दोन बोटांनी ती दाबून चोळली की सुका चिखल पापडासारखा तुटून पडतो. जीभ कापून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो, तो ऐकू नका. शेवटी कोमट पाण्यात कार शॅम्पूचे दोन थेंब टाकून प्रत्येक नळीतून अर्धा लिटर सोडा. पेट्रोल, थिनर, ॲसिड नको, रबर कडक होऊन चिरतं.

रूळ, काचेची पातळी आणि सेटिंग

नळ्यांचं झाल्यावर रुळांवरचं काळं, बोटांत कचकचणारं जुनं ग्रीस पुसून काढा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ थराने लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, ते धूळ धरतं आणि रबर फुगवतं. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. रबराला फक्त सिलिकॉनवर आधारित ग्रीस, तेही कापडावर घेऊन.

काच बंद असताना तिची पुढची कड छपराच्या पातळीत किंवा 1 मिमीपर्यंत खाली हवी, मागची कड पातळीत किंवा 1 मिमीपर्यंत वर. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिमी असते, तेच कडेला धरून अंदाज घ्या. पुढची कड वर राहिली की 80 च्या वेगाला शिट्टी वाजते, आणि लोक त्याचंही खापर रबरावर फोडतात.

बॅटरी काढून लावल्यावर सनरूफ एका स्पर्शात बंद होत नाही, किंवा बंद होऊन आपोआप परत उघडतं. हा बिघाड नाही, मोटर आपली जागा विसरलेली असते. बहुतेक गाड्यांत बंद करायचं बटण सलग धरून ठेवायचं असतं, काच पूर्ण फेरी करून थांबेपर्यंत. मध्येच सोडलं तर पहिल्यापासून. नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. या फेरीत बोट अडकलं तर काच मागे घेणारी सुरक्षा अनेक गाड्यांत चालू नसते, म्हणून मुलांना गाडीबाहेर ठेवा.

रूफ लायनिंग खाली घ्यायची वेळ आली तर

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि निदान 10 मिनिटं थांबा. छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग असतात. त्यांची वायर किंवा पिवळा कनेक्टर ओढायचा नाही. पिलरच्या झाकणावर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर आत दोरीची क्लिप असते. ती काही गाड्यांत एकदाच वापरायची असते, नवी आधीच आणून ठेवा. साध्या क्लिपाही आठ-दहा जास्तीच्या आणा. जुन्या गाडीत दोन-तीन तुटतातच.

क्रम असा: सनव्हायजर, केबिनचा दिवा, पकडायची हँडलं, दारांची रबरी बीडिंग, मग पिलरची झाकणं, शेवटी सनरूफच्या भोकाभोवतीची पट्टी. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने कडा चेपतात. फक्त नळी बसवायची असेल तर लायनिंगचा पुढचा भाग 10 ते 15 सेंटिमीटर खाली आला तरी पुरे. ती वाकवू नका, आतला पुठ्ठा एकदा मुडपला की ती घडी कायमची राहते. निसटलेल्या नळीचं कडक झालेलं टोक 1 सेंटिमीटर कापा, गरम पाण्यात मऊ करा, तोटीवर शेवटपर्यंत चढवा आणि क्लिप लावा. परत झाकण्याआधी 200 मिलीची चाचणी पुन्हा घ्या.

अस्तर लोंबत असेल तर दोष गोंदाचा नसतो. कापड आणि पुठ्ठा यांच्यामध्ये पातळ फोम असतो, उन्हाने तो कुजतो आणि त्याची भुकटी होते. कापडाला सुईने भोक पाडून गोंद सोडला तर तो त्या भुकटीलाच चिकटतो आणि महिनाभरात पुन्हा फुगा येतो. पूर्ण लायनिंग बाहेर काढून, कापड सोलून, मऊ ब्रशने सगळा फोम झाडावा लागतो. पुठ्ठ्यावरून हात फिरवल्यावर तळव्याला नारिंगी पूड लागायची थांबली पाहिजे. 3 मिमी फोमचं अस्तराचं कापड 150 सेंटिमीटर पन्ह्याचं घेतलं तर हॅचबॅकला साधारण 2 मीटर लागतं, सात सीटच्या गाडीला 3 मीटर. गोंद उष्णता सोसणारा घ्या. साधा रबरी गोंद विदर्भातल्या मे महिन्यात छपराखाली मऊ पडतो. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेल पण उचलला जाणार नाही इतका सुकू द्यायचा, आणि मधून कडेकडे तळव्याने दाबत जायचं. खोलगट जागी कापड ताणलं तर ते नंतर तिथूनच सुटतं. कडा दुसऱ्या दिवशी कापा.

डॅशकॅमची वायर ओढताना ती एअरबॅगच्या पुढून न नेता मागून न्या. पुढून नेलेली वायर एअरबॅग उघडताना चेहऱ्यावर येते.

पुढची काच

अस्तराची पुढची कड ओली आहे, नळ्या मात्र साफ आहेत आणि काच पूर्वी कधी बदललेली आहे, तर बसवण्यात चूक झालेली असू शकते. पुढची काच गाडीच्या सांगाड्याचाच भाग असते. छपराला ती आधार देते, आणि डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना बऱ्याच गाड्यांत तिच्यावरच टेकते. म्हणून ती युरेथेननेच, म्हणजे काच बसवायच्या खास मजबूत गोंदानेच, चिकटवायची असते, सिलिकॉनने नाही. हे काम घरी करू नका, पण करताना समोर उभे राहा आणि चार गोष्टी बघा.

जुना युरेथेन पत्र्यापर्यंत खरवडायचा नसतो, 1 ते 2 मिमीचा थर ठेवून त्यावरच नवा बसतो. चाकूने रंगाला चरे पडले असतील तर तिथे प्रायमर, म्हणजे गोंदाआधी लावायचा पातळ थर, लागलाच पाहिजे. गंज दिसला तर आधी तो काढायचा, गंजावर चिकटवलेली काच गंजासकट सुटते. नव्या काचेच्या काळ्या पट्टीला बोट लावू न देता ती साफ करून प्रायमर लावतात. युरेथेनची रेघ उभ्या त्रिकोणाची, सलग आणि एकाच जाडीची हवी, आणि तिच्यावर साय धरायच्या आत, काही मिनिटांतच, काच बसली पाहिजे.

गाडी कधी हलवायची हे ट्यूबवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ खरोखर थांबा. पहिले 24 तास एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब ओल्या रेघेला बाहेर ढकलतो. प्रेशरने धुणं 48 तास नको. काचेमागे लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेमागे त्याची नजर पुन्हा जुळवून घेणं, बिलात लिहून घ्या.

विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही, पण सक्तीचा वाटा 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये आणि त्यापुढे 2000 रुपये तुमचाच असतो, आणि वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर नो क्लेम बोनस जातो. छोट्या गाडीच्या स्वस्त काचेला क्लेम करण्याआधी हा हिशेब मांडा.

दुसऱ्या दिवशी नोझल न लावता साध्या पाइपने पाणी सोडा, खालच्या कडेपासून सुरुवात करून वर जात. एकदम वरून सोडलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. एक जण आत टॉर्च घेऊन काचेच्या कडा बघेल. थेंब दिसला तर तिथे आतून चिकटपट्टीची खूण करा आणि बसवणाऱ्याला दाखवा. बाहेरून सिलिकॉन फासू देऊ नका. सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर युरेथेन धरत नाही, आणि दुरुस्तीसाठी मग अख्खी काच पुन्हा उतरवावी लागते.