पाणीपुरवठा संस्थेत पदे कमी करताना: आधी कामांची यादी, मग पदांची

पाणीपुरवठा संस्थेची पुनर्रचना ठरली की बैठकीत सर्वप्रथम दर हजार नळजोडण्यांमागे कर्मचारी किती, हा आकडा निघतो. तो पाचाच्या आत असणे सर्वसाधारणपणे चांगले मानले जाते. मात्र कंत्राटी कामगार त्यात धरले आहेत की नाहीत, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये. कायम पदे रद्द करून तेच काम कंत्राटदाराला दिले की आकडा उतरतो आणि खर्च दुसऱ्या खात्यावर चढतो.

म्हणून सुरुवात कामांच्या यादीपासून करावी. प्रत्येक पाळीत कोण काय करतो, हे त्याच्यासोबत फिरून लिहून घ्यावे. व्हॉल्व्हमनच्या बाबतीत तर यात हयगय नकोच. कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, कोणता डांबराखाली गाडला गेला आहे, कोणता उलटा फिरतो आणि कोणता घाईने बंद केल्यास पाण्याचा दणका बसून जुनी वाहिनी फुटते, हे पुष्कळदा नकाशावर नसते, त्याच्या हाताला ठाऊक असते. त्याचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर करण्यापूर्वी त्याच्या जागी येणाऱ्याने ऐन मागणीचा एक हंगाम त्याच्याबरोबर काढलेला असावा.

क्लोरीनची मात्रा, नमुने तपासणे आणि निकाल कळवणे ही कामे माझ्या मते कपातीबाहेरच ठेवावीत. कॅनडातील वॉकरटन येथे मे २००० मध्ये दूषित पाण्यामुळे ७ जण दगावले आणि २,००० हून अधिक आजारी पडले. तेथील पाणीपुरवठा यंत्रणा चालवणाऱ्यांच्या चुका गंभीर होत्याच. पण प्रांतिक सरकारच्या खर्चकपातीनंतर चाचण्या खासगी प्रयोगशाळांकडे गेल्या होत्या आणि दूषित नमुन्याची खबर आरोग्य अधिकाऱ्यांना देण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हते, हेही चौकशीत पुढे आले. तेव्हा तपासणी बाहेर द्यायचीच असेल, तर वाईट निकाल कोणी, कोणाला आणि किती वेळात कळवायचा, हे करारात स्पष्ट लिहावे.

कर्मचाऱ्यांना निर्णय समोर बसवून सांगावा, निवडीचे निकष लेखी द्यावेत आणि देय रकमेची तारीख त्याच दिवशी कळवावी. ज्यांनी मध्यरात्री खड्ड्यात उतरून गळत्या काढल्या, त्यांना ही बातमी सूचना फलकावरून कळू नये.

पुढे वर्षभर गळतीदुरुस्तीला लागणारा वेळ, जादा कामाचे तास आणि नळाला प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅमहून कमी क्लोरीन आढळल्याच्या नोंदी दरमहा पाहाव्यात. तोपर्यंत रद्द पदांच्या वेतनाची तरतूद अन्यत्र वळवू नये, म्हणजे चुकीने गेलेले पद लगेच पुन्हा भरता येईल.