खेळात नवस कसा बसवावा

देवाधर्माच्या कल्पनेवर बेतलेला फँटसी रोल-प्लेइंग गेम (खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो असा संगणकावरचा खेळ) दोघातिघांनी मिळून करायला घेतला की पहिला मोह होतो तो ‘श्रद्धा’ नावाचा आकडा ठेवण्याचा: नारळ वाहिला की पाच गुण वाढले, ते खर्चले की जखम बरी झाली. कोल्हापुरात आम्ही पहिला नमुना असाच केला होता. तालमीतील एका मित्राने खेळातल्या देवळाच्या पायरीशी उभे राहून नारळाचे बटण चाळीस वेळा दाबले, तेव्हा आमचे देऊळ म्हणजे किराणा दुकान झाल्याचे लक्षात आले.

त्याऐवजी नवस घ्यावा. तो आधी बोलला जातो आणि फळ मिळाल्यावर फेडला जातो. मधल्या काळात खेळाडूच्या मनाची जी ओढाताण होते, तिच्यावरच कथा उभी राहते. गोडो (Godot) हे खेळ बनवण्याचे इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. त्यात नवसाची एक डिक्शनरी, म्हणजे नावानिशी नोंदी ठेवणारी यादी, करावी आणि काय मागितले, काय कबूल केले व कोणत्या दिवसापर्यंत, एवढ्या तीनच नोंदी ठेवाव्यात. ती ऑटोलोड स्क्रिप्टमध्ये (खेळ सुरू होताच आपोआप लोड होऊन शेवटपर्यंत टिकणाऱ्या कोडमध्ये) असली म्हणजे सीन, अर्थात खेळातील प्रसंग, बदलला तरी पुसली जात नाही. खेळातला दिवस संपल्याचा सिग्नल (इंजिनातील सूचना) मिळताच मुदत तपासावी, पण ती उलटली म्हणून खेळाडूचे प्राण कमी करू नयेत. पाणवठ्यावरच्या म्हातारीने ‘देवीचं राह्यलंय न्हवं तुझं?’ एवढेच विचारावे. देवी शस्त्र घेऊन मागे लागली तर भीती वाटते, लाज वाटत नाही.

खेळातील कोड्यांसाठी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सवाचा अभ्यास करावा. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. ढग किंवा वाटेतील अडथळा आड आला तर ती अलीकडेच थांबतात. खेळातील नियमही तसाच असावा: प्रकाश हलवता येत नाही, फक्त त्याची वाट मोकळी करता येते, आणि त्यासाठी तीनच संध्याकाळी मिळतात. मात्र देवतेचे नाव व रूप काल्पनिक ठेवावे.

मराठी संवादांसाठी गोडोची चौथी किंवा त्यापुढील आवृत्तीच वापरावी, कारण तिसरीत ‘किरण’ शब्दाची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

अखेरच्या शत्रूसाठी कोल्हासुराची आख्यायिका पाहावी. देवीच्या हातून मरताना त्याने या क्षेत्राला आपले नाव मिळावे असा वर मागितला, असे सांगतात. ललिता पंचमीला त्र्यंबोली टेकडीवर त्याचे प्रतीक म्हणून आजही कोहळा फोडला जातो. आपल्या खेळातील हरलेल्या शत्रूलाही एक वर मागू द्यावा आणि खेळाडूने तो कबूल केला, तर त्याच डिक्शनरीत नोंदवावा. या वेळी फक्त मागणारा बदललेला असतो.