ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसा नाकारला, ट्रिब्युनलनंही नाही म्हटलं: नागपुरात बसलेल्या घरच्यांनी काय करायचं

पोरीनं मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून ऑस्ट्रेलियात आसरा (प्रोटेक्शन व्हिसा) मागितला, अन् तो आधी सरकारनं अन् मग ट्रिब्युनलनं (सरकारचा निर्णय पुन्हा तपासणारी संस्था) नाकारला, तर पहिले तारीख पाहा. ट्रिब्युनलच्या निर्णयावर जी तारीख टाकली आहे तिथून ३५ दिवस, पोरीनं मेल कधी उघडला याच्याशी घेणंदेणं नाही. तेवढ्यात फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात (डिव्हिजन २) अर्ज गेला पाहिजे, सोबत ॲफिडेव्हिट अन् निर्णयाची कॉपी. उशीर झालाच तर कोर्ट मुदत वाढवू शकते, पण ती लेखी मागावी लागते, कारण सांगावं लागते, अन् मिळेलच असं धरून बसू नका.

होम अफेअर्सनं (व्हिसा देणारं तिथलं सरकारी खातं) नाकारलं की थेट कोर्ट नाही, मधात ट्रिब्युनल येते. ऑक्टोबर २०२४ पासून जुनं ट्रिब्युनल एएटी बंद होऊन नवं एआरटी आलं, तिथं जायची मुदत २८ दिवस.

आता मुद्द्याचं. जिवाला धोका खरंच आहे का, हे कोर्ट नव्यानं तपासत नाही. ट्रिब्युनलनं कायद्यानं काम केलं का एवढंच पाहते, त्या चुकीला ज्युरिस्डिक्शनल एरर म्हणतात. सिव्हिल लाईन्सच्या आपल्या हायकोर्टात कलम २२६ खाली रिट लागलेली पाहिली असेल तर हे लवकर समजते. म्हणून इकडून नवीन पेपरची कात्रणं, सरपंचाचं पत्र, नोटरी केलेलं काकाचं प्रतिज्ञापत्र असं पाठवत बसू नका, या टप्प्यावर त्याचा बहुतेक उपयोग होत नाही. जिंकलं तरी कोर्ट व्हिसा देत नाही, निर्णय रद्द करून केस परत ट्रिब्युनलकडं पाठवते, अन् हे कागद तिथं कामी येतात.

मग तुम्ही काय करू शकता? निर्णय पूर्ण वाचा, घरात ज्याचं इंग्रजी चांगलं आहे त्याला बसवा, पॅरा नंबर लिहीत जा. समजा पोरीनं दोन भीती सांगितल्या होत्या, जातीबाहेर लग्न केलं म्हणून माहेरची धमकी अन् वरून नवऱ्याची मारहाण, अन् निर्णयात एकीवरच लिहिलं आहे, तर ही मोठी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत जाऊन राहता येईल असं लिहून नाकारलं असेल तर पाहा, तिनं त्यावर दिलेलं उत्तर निर्णयात कुठं दिसते का. इंटरप्रिटरनं चुकीचं सांगितलं असं ती म्हणत असेल तर सुनावणीचं रेकॉर्डिंग मागवायला लावा अन् मराठी वाक्य अन् त्याचं इंग्रजी मिनिटासकट लिहून काढा, हे काम नागपुरात बसून तुमच्याएवढं चांगलं कोणी करणार नाही. फक्त चूक अशी पाहिजे की ती झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता, तारखेत एखादा आकडा चुकला म्हणून केस उभी राहत नाही.

हे सगळं वकिलालाच दाखवा. मायग्रेशन एजंट वकील नसेल तर कोर्टात केस चालवू शकत नाही. पैसे नसतील तर मेलबर्नला रिफ्युजी लीगल, सिडनीला आरएसीएस या निर्वासितांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांना लगेच फोन करायला सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही. अन् कोणी म्हणत असेल की कोर्टात अर्ज टाकून तर ठेवा, दोन-चार वर्षं निघून जातील, त्याचं बिलकुल ऐकू नका, हरलं तर समोरच्या बाजूच्या, म्हणजे इमिग्रेशन मंत्र्याच्या, वकिलांचा खर्च सहसा आपल्याच पोरीवर येतो, हजारो डॉलर.

नावाची काळजी करू नका, प्रोटेक्शनच्या केसमध्ये कोर्ट नाव छापत नाही, अक्षरं अन् आकड्यांचा कोड देते. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णयाचा पीडीएफ फिरला तर त्या कोडचा काय फायदा, तो फक्त दोघा-तिघांकडंच ठेवा.

अन् ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंत तिथं राहू देणारा तात्पुरता व्हिसा. कोर्टात अर्ज टाकला म्हणजे तो आपोआप पुढं चालू राहील असं समजू नका, जुना संपायच्या आत नवीन मागावा लागतो का अन् कामाची परवानगी राहते का, हे वकिलाला त्याच भेटीत विचारायला लावा.