पाऊस ओसरताना घरातील नेच्यांची निगा

पावसाळ्याचे चार महिने गोव्यात नेचा (फर्न) कोणी लावावा लागत नाही. चिऱ्याच्या भिंतीच्या सांध्यांत, विहिरीच्या आतल्या अंगाला आणि माडाच्या खोडावर तो आपसूक उगवतो. कुंडीतील नेच्यांची खरी निगा सुरू होते ती चतुर्थी आटोपल्यावर, परतीचा पाऊस ओसरू लागला की. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत हवेतील ओलावा कमी होतो, दुपारचे ऊन तापते आणि आभाळाच्या भरवशावर सोडलेल्या कुंड्यांना पाणी घालण्याची सवय घरात कोणालाच उरलेली नसते. पाऊसभर हिरवेगार असलेले रोप दिवाळीपर्यंत करपते त्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रथम कुंडीची जागा तपासावी. गोव्याच्या अक्षांशावर ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. त्यानंतर तो दक्षिणेकडे कलत जातो आणि डिसेंबरात बराच खाली उतरतो. त्यामुळे पावसाळ्यात सावलीत असलेल्या दक्षिणाभिमुख पडवीत किंवा बलकांवात (घराच्या दारापुढील बैठकीच्या सोप्यात) ऑक्टोबरपासून ऊन थेट आत येऊ लागते, आणि जागा तीच असूनही पानांच्या कडा तपकिरी पडतात. अशा कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूस हलवाव्यात. सकाळचे कोवळे ऊन बहुतेक नेच्यांना चालते, दुपारचे मात्र चालत नाही. वातानुकूलित खोलीत, विशेषतः यंत्राच्या थेट झोतात, नेचा ठेवू नये. तेथील कोरडी हवा उन्हाइतकीच मारक ठरते.

त्यानंतर मुळांकडे पाहावे. चिऱ्याच्या भिंतीवरील नेचा धो धो पावसातही कुजत नाही, कारण तेथे पाणी झिरपून जाते, मुळांना ओल मिळते आणि हवाही मिळते. नुसत्या तांबड्या मातीने भरलेल्या कुंडीत नेमके उलटे घडते: सततच्या पागोळ्यांनी माती घट्ट बसते, छिद्र बुजते आणि मुळे काळी पडतात. कुंडीला आंबूस वास येत असेल तर रोप बाहेर काढून कुजलेली मुळे कापावीत आणि दोन भाग नारळाच्या सोडणाचा भुसा, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा व एक भाग जाड रेती अशा मिश्रणात ते पुन्हा लावावे. हा भुसा गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा धुऊनच वापरावा, कारण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठ उरते आणि नेच्याला ते सोसत नाही. लावताना जमिनीलगतचे आडवे खोड पुरू नये, ते पृष्ठभागाशी राहू द्यावे.

पाणी वार ठरवून घालू नये. बोटाचे पहिले पेर मिश्रणात खुपसून पाहावे आणि वरचा थर कोरडा लागू लागताच, शक्यतो सकाळी, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. मिश्रण एकदा पूर्ण सुकले की ते कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून तसेच खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी. किनारपट्टीवरील ज्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते, त्यांचे पाणी नेच्यांना देऊ नये. पानांवर दिवसातून दहादा पाणी फवारण्याचा पुष्कळांना सोस असतो; त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ मांडणे अधिक उपयुक्त आहे.

पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसताच घाबरून औषध मारणारे बरेच जण आढळतात. ठिपके एकसारख्या अंतरावर, शिरेच्या दोन्ही बाजूंना किंवा कडेने ओळीत असतील, तर ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके आहेत आणि रोप पूर्ण वाढीला आल्याचे ते लक्षण आहे. ठिपके वेडेवाकडे विखुरलेले असतील, देठावरही असतील, नखाने खरवडल्यावर टवका निघत असेल आणि खालची पाने चिकट झाली असतील, तर ती खवले कीड होय. जास्त बाधित पाने बुडातून कापून नष्ट करावीत आणि उरलेली कीड ओल्या कापसाने पुसून काढावी. नेच्याची पाने तेलकट फवारणीने सहज भाजतात, म्हणून कडुनिंबाचे तेलही आधी एका पानावर वापरून चार-पाच दिवस वाट पाहावी. गोगलगायी रात्री हाताने वेचाव्यात. विषारी गोळ्या घरातील कुत्र्या-मांजरांना घातक असतात.

नवशिक्यांनी बोस्टन फर्नपासून सुरुवात करावी, तो बरेच सोसतो. बर्ड्स नेस्ट फर्नला पाणी कडेने द्यावे, कारण मधल्या गाभ्यात ते साचून राहिले की कोंब कुजतो. हंसराज सर्वांत नाजूक. एक दिवस कोरडा पडला तरी पाने चुरगळतात, परंतु बुडखा जिवंत असल्यास सर्व पाने कापून ओल टिकवावी, म्हणजे नवी फूट येते. खत सर्वांनाच बेताचे द्यावे: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून दोनदा, तेही मिश्रण ओले असताना.

फोंडा, सत्तरी, सांगे भागांतील कुळागरधारकांना, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांना, पोफळींची सावली आयतीच मिळते. तेथे बोस्टन फर्नच्या आडव्या तंतूंना फुटलेली पिल्ले मुळांसह वेगळी करून छोट्या पिशव्यांत वाढवता येतात. हा जातिवंत प्रकार बीजाणूंपासून सहसा होत नाही. पोफळीला फवारणी करायची असेल तेव्हा या पिशव्या झाकाव्यात किंवा हलवाव्यात. विक्रीसाठी वा हौसेसाठी अभयारण्यांतील नेचे किंवा झाडावर वाढणारा बाशिंग नावाचा नेचा उपटून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून वनस्पती विनापरवाना काढता येत नाहीत. शिवाय आश्रयदात्या झाडापासून ओरबाडलेले बाशिंग कुंडीत क्वचितच तग धरते.